गाडी तापते, पण कधी?

एलबीएस मार्गावर कांजूरमार्ग ते भांडुप या पट्ट्यात एप्रिल-मेच्या दुपारी अजूनही अधूनमधून एक दृश्य दिसतं. रस्त्याच्या कडेला एक जुनी फियाट उभी असते. बॉनेट उघडलेलं, आतून वाफ निघतेय आणि मालक कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघतोय. भोवती चार माणसं जमलेली असतात आणि चौघांकडेही औषध तयार असतं. एक म्हणतो, पाणी ओता. दुसरा म्हणतो, थर्मोस्टॅट काढून फेका. तिसऱ्याच्या मते रेडिएटर गेला. चौथा जरा मोठ्या अनुभवाचा असतो. तो सांगतो, इंजिनाचं काम निघालं, त्यापेक्षा भंगारात द्या. मालकाला एक साधा प्रश्न मात्र या चौघांपैकी कुणीच विचारत नाही. गाडी तापली कधी?

'कधी' म्हणजे किती वाजता असं नव्हे. सिग्नलला उभी असताना तापली, की मोकळ्या रस्त्यावर धावताना? चढावर की सपाटीवर? सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला, की तासाभराने? माणसाला ताप आला, की चांगला डॉक्टर आधी विचारतो, थंडी वाजून येतो का, संध्याकाळी चढतो का, दिवसाआड येतो का. गाडीचंही तसंच आहे. तापणं हा रोग नाही, लक्षण आहे. आणि निम्मं निदान या एका प्रश्नाच्या उत्तरात असतं. पाना त्यानंतर हातात घ्यायचा.

जुनी गाडी म्हटलं, की मुंबईत तरी डोळ्यांसमोर येते ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कांजूरमार्गहून याच एलबीएस मार्गाने दक्षिणेला विक्रोळी, घाटकोपर ओलांडून गेलं, की कुर्ला लागतं. तिथे तिचा कारखाना होता. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. १९६४पासून फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने धावू लागली. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसी. आजच्या हिशेबाने अगदी भोळं इंजिन. ना संगणक, ना सेन्सर. बॉनेट उघडलं, की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो. काळ्या-पिवळ्या रंगातली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्या मात्र आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या सासऱ्यांची. त्या विकल्या जात नाहीत आणि नीट चालवल्याही जात नाहीत. त्यांच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार एकच, 'तापते हो!'

माझे अब्बा टॅक्सी चालवायचे. मी बी. ए. झालो आणि कवितेच्या नादाला लागलो, त्यामुळे पाना हातात घेतला तो बहुतेक वेळा त्यांना देण्यापुरताच. पण भांडुपच्या ज्या गॅरेजात त्यांची टॅक्सी जायची, तिथल्या उस्तादांचं बोलणं मी तासन्तास ऐकत बसायचो. गॅरेजची भाषा हा एक स्वतंत्र विषय आहे. तिथे गाडी पाणी 'पिते', बेल्ट 'रडतो', नट 'फिरून जातो', इंजिन 'पकडतं'. तिथे कुणी 'इंजिन ओव्हरहीट झालं' म्हणत नाही. 'गाडी गरम हो रही है' म्हणतात आणि त्यावर उस्तादांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'कब?'

हा 'कब' इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात थोडं डोकावू. पेट्रोल जळतं, तेव्हा ज्वालेचं तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या वर जातं. फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे गाडी चालू असते, तेव्हा प्रत्येक क्षणी तिला स्वतःपासून वाचवण्याचं काम चाललेलं असतं. पेट्रोलमधली ढोबळमानाने पाव शक्ती गाडी ओढायला लागते. एक तृतीयांशाच्या आसपास उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळजवळ तितकीच पाण्याला वाहून न्यावी लागते. सिलिंडरभोवती पोकळ्या असतात, त्यांतून पाणी फिरतं. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला असलेला पंप ते ढकलतो. तापलेलं पाणी वरच्या रबरी होजमधून रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना निवतं आणि खालच्या होजमधून परत इंजिनात जातं. रेडिएटरच्या मागे पंखा असतो, तो समोरून हवा ओढतो. पंप आणि पंखा दोघांनाही एकच पट्टा फिरवतो, फॅन बेल्ट. डायनॅमोही त्याच पट्ट्यावर.

थोडक्यात, फिरतं पाणी आणि वाहती हवा या दोघांवर सगळा संसार आहे. गाडी तापली, म्हणजे दोघांपैकी एकाने काम सोडलं, किंवा इंजिनानेच नेहमीपेक्षा जास्त उष्णता निर्माण केली. आता हे पाहा. गाडी वेगात धावत असताना वारा आपोआप रेडिएटरमधून शिरतो, पंख्याची फारशी गरज नसते. पण गाडी रांगत असते, तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. उलट वेगात किंवा चढावर इंजिन जास्त पेट्रोल जाळतं, तेव्हा भरपूर पाणी भराभर फिरायला हवं. म्हणून रांगताना तापणारी गाडी हवेची तक्रार करत असते आणि वेगात किंवा घाटात तापणारी गाडी बहुधा पाण्याची. हा नियम शंभर टक्क्यांचा नाही, पण कुठून सुरुवात करायची ते सांगणारा आहे.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांची पद्मिनी आहे, १९८६ची. कारखान्यात नोकरी करून, हप्ते फेडून घेतलेली. मुलगा परदेशात, पत्नी गेल्या. गाडी मात्र रोज सकाळी पुसली जाते. त्यांची ही गाडी दोन वर्षांपूर्वी अचानक तापू लागली. एका गॅरेजने पाण्याचा पंप बदलला. तरी तापतेच. दुसऱ्याने रेडिएटर 'साफ' केला, पैसे घेतले. तरी तापतेच. तिसऱ्याने इंजिन उतरवून बोअरिंग करायला सांगितलं. त्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. त्यांनी भंगारवाल्याचा भाव विचारून ठेवला होता. हे त्यांनी मला सांगितलं, ते बाजारभाजीच्या गोष्टी सांगाव्यात तशा सुरात. पण सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

उस्ताद आता थकले आहेत, गॅरेज त्यांचा पुतण्या बघतो. तरी एका रविवारी मी त्यांना घेऊन आलो. खुर्ची टाकून बसले आणि विचारलं, 'काका, कब गरम होती है?' काकांनी सांगितलं, की गांधीनगर जंक्शनला हमखास. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि एलबीएस जिथे एकमेकांना छेदतात, तिथे दहा-पंधरा मिनिटं अडकलं, की काटा चढतो. आणि हायवेला? काका म्हणाले, ईस्टर्न एक्स्प्रेसवरून ठाण्याला गेलो, तर काटा हलत नाही.

उस्ताद हसले. म्हणाले, 'इंजन को हाथ मत लगाओ.'

त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं आणि माझ्या हातातल्या वर्तमानपत्राचं एक पान मागून घेतलं. ते रेडिएटरच्या समोर, जाळीपाशी धरलं. पंखा नीट हवा ओढत असेल, तर कागद जाळीला चिकटून बसायला हवा. तो नुसता थरथरला आणि खाली सरकला. मग इंजिन बंद करून बेल्ट दाबून पाहिला. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला, की साधारण अर्धा इंच आत जावा. त्याहून जास्त गेला तर ढिला, जाईचना तर फार आवळलेला आणि मग पंपाच्या बेअरिंगवर ताण. काकांचा बेल्ट ठीक होता. मग उस्तादांनी पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं. पंखा उलटा बसवलेला होता! पंप बदलताना कुणीतरी तो काढला आणि परत लावताना मागची बाजू पुढे केली. अशा उलट्या पंख्याची गंमत अशी, की तो हवा त्याच दिशेला ढकलतो. म्हणून कुणाला संशय येत नाही. पण पात्यांचा बाक उलटा झाल्यामुळे हवा फार कमी ओढतो. वेगात वारा आपोआप मिळतो, तिथे सगळं झाकून जातं. सिग्नलला मात्र उघडं पडतं.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट निघाली. काकांनी मध्यंतरी एसी बसवून घेतला होता. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि दोघांच्या मधल्या फटीत एलबीएसवरची मेट्रोच्या कामाची धूळ, कापसाचे पुंजके, किडे यांची गादी तयार झाली होती. इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारल्यावर चहाच्या रंगाचा चिखल वाहिला. फार जोराची धार मारू नये, रेडिएटरचे पातळ पंख वाकतात. चार बोल्ट काढून पंखा सरळ केला आणि तेच वर्तमानपत्र पुन्हा धरलं. या वेळी ते जाळीला असं चिकटलं, की काढताना फाटलं. एकूण खर्च शून्य, शिवाय उस्तादांचा चहा. भंगारवाल्याने त्यानंतर दोनदा फोन केला, असं काका सांगतात.

आता घाटाची गोष्ट. आमचं गाव खेड तालुक्यात. ऐंशीच्या दशकात मामूंच्या फियाटमधून मे महिन्यात गावी जायचं, म्हणजे पोलादपूर सोडल्यावर कशेडी घाट. घाटात जागोजागी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे तेव्हाचं नेहमीचं चित्र. पुण्याच्या वाटेवर खोपोलीच्या पुढे बोरघाटातही तसंच. शिंग्रोबाच्या देवळापाशी नारळ फोडायला थांबणाऱ्यांपैकी कितीजण गाडी निववायला थांबत, देव जाणे. घाटात तीन गोष्टी एकदम घडतात. इंजिनावर भार सर्वांत जास्त, वेग कमी आणि त्यामुळे वाराही कमी. धडधाकट गाडीसुद्धा तिथे थोडी तापते. पण दर वेळी वाफ सोडत असेल, किंवा सपाट महामार्गावर साठ-सत्तरचा वेग धरल्यावर काटा चढत असेल, तर पाण्याच्या वाटेत अडथळा आहे असं समजावं.

हा अडथळा बहुतेक वेळा आपण स्वतःच ओतलेला असतो, वर्षानुवर्षं. मुंबईत पाणी गोठत नाही, त्यामुळे कूलंट ही थंड देशांची चैन, असं आपल्याकडे मानलं गेलं. टॅक्सीवाले मिळेल तिथलं पाणी भरायचे. बोअरवेलचं, टँकरचं, कधी पेट्रोल पंपावरच्या पिंपातलं. या पाण्यातले क्षार गरम धातूवर बसतात, जसे घरच्या पाणी तापवायच्या रॉडवर बसतात तसेच. त्यात ब्लॉकचा गंज मिसळतो. बीड आणि ॲल्युमिनियम हे दोन वेगळे धातू साध्या पाण्यात एकत्र राहिले, की ॲल्युमिनियम झिजू लागतं. हा सगळा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. कूलंटचं खरं काम मुंबईत गोठण्यापासून वाचवण्याचं नाही, गंजापासून वाचवण्याचं आहे. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात, आणि दर दोन वर्षांनी बदल. चार-पाचशे रुपयांची बचत हेडच्या किमतीला पडते.

नळ्या चोक झाल्या का, हे कसं ओळखायचं? गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या पुढच्या पृष्ठभागावर तळहात जपून, जवळून फिरवा. वरून खाली उष्णता सारखी कमी होत जायला हवी. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तिथे पाणी फिरतच नाही. असा रेडिएटर नुसतं पाणी सोडून साफ होत नाही. रेडिएटरवाला त्याच्या वरच्या-खालच्या टाक्या उघडतो आणि प्रत्येक नळीतून पातळ सळई घालतो. याला 'रॉड मारणं' म्हणतात. काकांना ज्यांनी 'साफ केला' म्हणून सांगितलं, त्यांनी टाक्या उघडल्याच नव्हत्या, सोल्डरचा जुना रंग तसाच होता. रेडिएटर साफ करून आणला, की ताजं सोल्डर दिसायला हवं, एवढं लक्षात ठेवा.

वेगात तापण्याचं आणखी एक कारण लपून बसतं. खालचा होज जुना आणि मऊ झाला असेल, तर इंजिनाचा वेग वाढल्यावर पंप इतक्या जोराने ओढतो, की तो होज चिमटला जातो. गाडी उभी केली, की तो पुन्हा गोल होतो आणि बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून कुणाला तरी खालच्या होजकडे बघायला लावावं. बघणाऱ्याने शर्टाची बाही, ओढणी, दुपट्टा पंख्यापासून लांब ठेवावा. हे सांगायला नको, पण सांगतो.

कधीकधी पाणी आणि हवा दोन्ही निर्दोष असतात आणि आग मात्र जास्त असते. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट झिजले, टायमिंग मागे पडलं, की ठिणगी उशिरा पडते. पेट्रोल जळत असतानाच बाहेर ढकललं जातं आणि हेड तापतं. अशी गाडी ओढायलाही मंद होते. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा आला, तर मिश्रण पातळ होतं, तेही गरमच जळतं. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलबरोबर ऑक्सिजनही येतो, त्यामुळे जुन्या पेट्रोलसाठी बसवलेला कार्ब्युरेटर या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळच देतो. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा यांनाही ते मानवत नाही. जुनी गाडी सांभाळणाऱ्याने कार्ब्युरेटर नव्याने लावून घ्यावा आणि पेट्रोलच्या नळ्या बदलून घ्याव्यात. आणखी एक फुकटची तपासणी. पाच किलोमीटर चालवून उतरलात, की चारही चाकांच्या डिस्कजवळ हात नेऊन पाहा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल, तर तिथला ब्रेक धरून बसलाय. इंजिन बिचारं दिवसभर ब्रेक ओढत असतं.

दुपारी गाडी झटके देऊन बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते आणि काटा मात्र मध्यावरच, असं झालं तर ते इंजिन तापणं नव्हे. पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. अब्बा अशा वेळी पंपावर ओलं फडकं ठेवायचे. उपाय जुना असला तरी शास्त्राला धरून आहे.

आता थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये याच्या जिवावर सगळे उठलेले असतात. हा एक छोटा झडपेचा तुकडा इंजिनाच्या तोंडाशी असतो. त्यात मेण भरलेलं असतं. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास पोचलं, की मेण फुगतं आणि वाट उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तर गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते. इंजिन उकळतंय आणि वरचा होज मात्र गार, ही त्याची खूण. पण कुठल्याही तापण्यावर तो काढून फेकणं हा उपाय नाही. मूळ दोष तसाच राहतो, फक्त काही दिवस झाकला जातो. शिवाय इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा, गॅसवर ठेवा, थर्मामीटर लावा. उघडतो कधी ते डोळ्यांना दिसतं. पातेलं मात्र नंतर स्वयंपाकाला वापरू नका. आमच्याकडे यावरून एकदा बराच वाद झाला आहे.

सुरू केल्याबरोबर तापण्याची दुसरी कारणं म्हणजे बेल्ट तुटणं आणि पाणीच नसणं. बेल्ट तुटला, की डायनॅमोही थांबतो, त्यामुळे चार्जिंगचा दिवा लागतो. तो लागला आणि काटाही चढू लागला, तर पुढच्या चौकापर्यंतही जाऊ नका. पाणी दर आठवड्याला कमी होत असेल, तर ते कुठेतरी जात आहे. होजचे क्लॅम्प पाहा. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून थेंब येत असतील तर आतलं सील गेलं. सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, की डाग नेमका कुठे पडतो ते कळतं.

आणि पाणी जातंय, पण कुठेच गळत नाही, हे सर्वांत वाईट. अशा वेळी तीन ठिकाणी पाहावं. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि मग इंजिन सुरू करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. तेल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ, लस्सीसारखा थर जमला असेल, तर पाणी तेलात गेलंय. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर पाणी सिलिंडरमध्ये जळतंय. तिन्हींचा अर्थ एकच, हेड गॅस्केट उडालं. अशी गाडी 'अजून थोडे दिवस' चालवणाऱ्याचं हेड वाकतं. मग नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही, हेड मशीनवर घासून सपाट करून घ्यावं लागतं. ॲल्युमिनियमचं हेड एखाद-दोनदाच असं घासता येतं.

हेड किंवा रेडिएटरचं काम झाल्यावर लगेच गाडी तापली, तर घाबरू नका. पाणी भरताना आत हवा अडकलेली असते. गाडी तोंड थोडं वर करून, उतारावर उलटी लावून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करा. बुडबुडे निघून जातील, पाणी खाली जाईल, ते वरून भरत राहा.

रस्त्यात काटा चढलाच तर काय करायचं? एसी आधी बंद. वाफ नसेल आणि गाडी गर्दीत अडकली असेल, तर न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवा, पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतील. त्याने काटा उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर कडेला घेऊन इंजिन बंद. बॉनेट उघडा आणि लांब उभे राहा. झाकणाला हात लावू नका. त्या झाकणात एक स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते. सात पौंड दाबाखाली पाणी १०० नव्हे, सुमारे १११ अंशांना उकळतं. तुम्ही झाकण उघडता, दाब जातो आणि ते सगळं पाणी एकाच क्षणी उसळतं. उस्तादांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जो चट्टा आहे, तो अशाच एका झाकणाचा. तेव्हा ते चौदा वर्षांचे शागिर्द होते आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. किमान पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सोसवेल इतका निवल्यावर जाड फडकं ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. पाणी ओतायचं ते इंजिन सुरू ठेवून, थोडं थोडं. तापलेल्या धातूवर गार पाणी एकदम ओतलं, तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. आणि भाजलंच, तर हळद, टूथपेस्ट, शाई यांच्यामागे न लागता वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि मग डॉक्टरकडे जा.

बरेच लोक विचारतात, गाडी बंद केल्यावर काटा आणखी वर का जातो? पंप थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता पाण्यात उतरतच राहते, म्हणून. थोडा चढून काही मिनिटांत उतरला, तर ते स्वाभाविक आहे. काट्याचा भरवसा नसेल, तर साधा थर्मामीटर लावून खात्री करून घ्या. काटा खोटं बोलत असल्यामुळे इंजिन उघडल्याची उदाहरणं आहेत.

सुट्या भागांचं म्हणाल, तर बेल्ट, होज, थर्मोस्टॅट अजून मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारलं, तर कुणीतरी कुणाकडे तरी पाठवतो. मूळ रेडिएटर मात्र जपावा. तो तांब्या-पितळेचा असतो, उघडता येतो, झाळता येतो, आतल्या नळ्यांचा गाभा नवा घालता येतो. दुकानदार त्याऐवजी स्वस्तातला ॲल्युमिनियमचा देऊ करतो आणि जुना 'ठेवून जा' म्हणतो. ठेवू नका. गाभा बदलून घ्या आणि टाक्या तुमच्याच परत बसवल्यात ना, हे समोर उभं राहून बघा.